वाढे-सुबाभळीचा मुरघास: दोन हंगाम कोकरांना घालून

मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद दाबून आंबवलेला हिरवा चारा, दूधवाल्याला परवडतो, कारण त्याला दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. मेंढरवाल्याला पैसा दिसतो तो कोकरू विकल्यावरच. म्हणून आम्ही उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि सुबाभळीचा पाला एकत्र पिशव्यांत दाबून बघितलं. आमचा तालुका कवठेमहांकाळ, जिल्हा सांगली. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आल्यापासून ऊस वाढलाय, त्यामुळे तोडीच्या दिवसांत वाढ्यांना तोटा नाही.

प्रमाण तीन वाटे वाढे, एक वाटा सुबाभूळ. नुसती सुबाभूळ दाबली तर नासते. तिच्यात प्रथिनं भरपूर पण साखर कमी. वाढ्यात साखर असते, तिच्या जोरावर सगळं मिळून नीट आंबतं. गूळ घालावा लागला नाही. कुट्टी बारीक हवी, नाहीतर कोकरं पाला वेचून खातात आणि दांड्या गव्हाणीत तशाच राहतात. मुठीत दाबून सोडल्यावर गोळा सावकाश सुटावा आणि तळहाताला पाणी लागू नये, एवढा ओलावा आम्ही धरतो. दीड महिन्यानं पिशवी उघडली तर रंग पिवळसर हिरवा, वास आंबूस-गोड. दोन दिवस कोकरांनी नुसतं हुंगलं, मग गव्हाण चाटायला लागली.

आता पैशाचं. पेंडीचा खर्च निम्म्याच्या आसपास आला, कडबा तर जवळजवळ बंद. पण पेंडीचा खुराक पूर्ण तोडून चालत नाही, पोट भरतं पण अंग भरत नाही. तीन महिन्यांच्या आतल्या कोकरांना आम्ही हा मुरघास देतच नाही. वाढ्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून खनिज मिश्रण रोज. सुबाभूळही वाढवायची नाही, तिच्यातल्या मिमोसिन नावाच्या विषारी द्रव्यानं लोकर गळते.

खरा ताप पिशव्यांचा. दुकानदारानं जाड म्हणून दिलेल्या पिशव्या घुशींनी खालून कुरतडल्या, आणि भोकाभोवती पांढरी-निळी बुरशी धरली. तेवढा भाग हातभर जास्तीच काढून थेट उकिरड्यावर. खराब मुरघासातून मेंढरांना लिस्टेरिया या जंतूचा आजार होतो. मान एका बाजूला वळते, जनावर गोल फिरत राहतं. तिथे काटकसर नको.

मजुरीही धरा. वाढे आणले त्याच दिवशी कुट्टी झाली पाहिजे, वाळले की दाबले जात नाहीत आणि आत हवा राहते. घरची दोन-तीन माणसं आणि कुट्टी मशीन असेल तरच हे जमतं. पाच-सहा मेंढरांसाठी एवढा खटाटोप करू नका, शेवरीचा ताजा पाला बरा.