घारापुरी: पाहुण्यांना जरूर न्या, पण सकाळच्या लाँचने

‘मुंबई दाखवा’ म्हणणारे पाहुणे आले की मी पहिलं नाव घारापुरीचं घेते. मॉल काय, नागपुरातही आहेत. तासभर समुद्रातून जायची मजा तिकडे कुठली! या थंडीत नागपूरच्या वन्सं, त्यांचे यजमान, दोन पोरं आणि आमच्या सासूबाई अशी वरात नेली. सोमवारी लेणी बंद असतात. बाकी कधीही जा, पण गेटवेहून सकाळी लवकरची लाँच धरा. दुपारी वर नुसती गर्दी.

लाँचच्या वरच्या डेकचे थोडे जास्तीचे पैसे घेतात, ते द्यावेत. सीगल मागे लागले तशी पोरांनी गाठ्यांची पुडी मागितली. मी घेऊ दिली नाही. लाइफ जॅकेट मात्र सगळ्यांना घालायला लावलं. वन्संच्या यजमानांना ते फोटोत नको होतं. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर नौदलाची बोट लाँचवर आदळून माणसं गेली, हे सांगितल्यावर गप घातलं.

धक्क्यावरून छोटी गाडी आहे, ती पोरांच्या हौसेची. खरी परीक्षा पुढच्या सव्वाशेक पायऱ्यांची. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्चीची डोली मिळते, भाव खालीच ठरवा. ‘मी काय नवरी आहे?’ म्हणत सासूबाई बसल्या एकदाच्या. डबा नेलात तर पिशवीची चेन लावा. माकडं निर्लज्ज आहेत.

लेण्यात लोक थेट त्रिमूर्तीपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. तसं करू नका. ते ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखं शिवाचीच: आपल्या डावीकडे उग्र भैरव, उजवीकडे हाती कमळ घेतलेलं सौम्य रूप, मध्ये मिटल्या डोळ्यांची शांतता. पोरं कैलास हलवणाऱ्या रावणापाशी रमली. सासूबाई शिवपार्वतीच्या लग्नापुढून हलेनात. पार्वती शंकराच्या उजव्या हाताला, मान जराशी खाली. ‘अजून लग्न लागायचंय हिचं,’ त्या वन्संना म्हणाल्या. कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत, तरी या पार्वतीचं लाजणं दिसतं. सहाव्या शतकातलं काम आहे हे.

‘पण हत्ती कुठाय?’ हा प्रश्न पोरांकडून येणारच. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला आणि उचलतानाच त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून उभा केलेला हत्ती आता भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर आहे. दुसऱ्या दिवशी तोही दाखवावा, पेंग्विनही होतात. फक्त राणीची बाग बुधवारी बंद असते. मंगळवारी घारापुरी केलीत तर हत्ती गुरुवारवर जाईल.