ग्रोथ हार्मोनची "उरलेली पेनं" विकणाऱ्या बाबापासून सांभाळा

पोस्ट लांबलचक होणारे, पण ज्यांच्या मुलांना ग्रोथ हार्मोन चालू आहे आणि मेडिकलवाला दर वेळी "वरूनच माल येत नाहीये" म्हणून परत पाठवतोय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आम्हाला ज्याने गंडवलं तो कुणी हॅकर-बिकर नव्हता, एकदम साधा, गोड बोलणारा "एका मुलाचा बाबा" होता आणि त्याचं सगळं भांडवल आपल्यासारख्याच आईबापांकडून गोळा केलेलं होतं.

माझ्या मुलीला ग्रोथ हार्मोनची, म्हणजे उंची वाढवणाऱ्या हार्मोनची, कमतरता आहे. हार्मोन किती बनतं ते बघायची स्टिम्युलेशन टेस्ट, आयजीएफ-१ ही रक्ताची तपासणी, डाव्या हाताचा एक्स-रे काढून बोन एज (म्हणजे हाडांचं वय), हे हार्मोन बनवणाऱ्या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय, हे सगळं रीतसर होऊन मग इंजेक्शन सुरू झालं. रोज रात्री झोपताना एक. डोस ०.९५ मिलिग्रॅम, पेन (औषध भरलेलं, डोस फिरवून लावायचं इंजेक्शन) १० मिलिग्रॅमचं. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यामुळेच भांडं फुटलं.

हे औषध मिळवणं म्हणजे काय हे ज्याला लागतं त्यालाच कळतं. पॅरासिटामॉल नाही तर दुसऱ्या कंपनीची द्या, असं इथे चालत नाही. आत औषध तेच, सोमाट्रोपिन, १९१ अमिनो आम्लांचं प्रोटीन, पण प्रत्येक कंपनीचं पेन वेगळं, डोस फिरवायची पद्धत वेगळी, काहींमध्ये पावडर आणि द्रव पेनमध्येच मिसळावं लागतं, काहींमध्ये तयार द्रव असतो, त्यामुळे ब्रँड बदलला की नवं प्रिस्क्रिप्शन, पुन्हा ट्रेनिंग, आणि इन्शुरन्स असेल तर पुन्हा मंजुरी. मंजुरी म्हणजे परत वर्षभरात किती सेंटिमीटर वाढली, बोन एज किती, सगळी फाईल नव्याने. त्यात हे २ ते ८ डिग्रीत ठेवायचं महागडं औषध, कुठलाही दुकानदार ते भरून ठेवत नाही, आधी ऑर्डर द्या मग मागवतो. २०२२-२३ मध्ये तर बऱ्याच देशांत एकदमच तुटवडा झाला होता, तेव्हापासून मनात धाकधूक असतेच. आमच्या वेळी मंजुरी होती ती एकाच ब्रँडच्या एकाच पेनची, तेच नेमकं येईना, आणि जे दुकानात होतं त्याला मंजुरी नाही. दुकानदार म्हणतो इन्शुरन्सशी बोला, इन्शुरन्सवाले म्हणतात डॉक्टरांना फॉर्म भरायला सांगा, डॉक्टरांच्या क्लिनिकमधून सांगतात फॉर्म तर कधीच पाठवलाय. फ्रीजमधलं शेवटचं पेन संपत आलेलं.

मी पालकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं की कुणाला कुठे हे पेन दिसलंय का. ग्रुपवर कुणी फार बोललं नाही, पण थोड्या वेळात पर्सनलवर मेसेज. "ताई, तुमची तगमग कळते, आम्हीपण यातून गेलोय. माझ्या मुलाची बोन एज १६ झाली, डॉक्टरांनी इंजेक्शन बंद केलं, पेनं फ्रीजमध्ये पडून आहेत, वाया जाण्यापेक्षा कुठल्या तरी लेकराच्या कामी येऊ देत." आता सांगा, बोन एज, इंजेक्शन बंद होणं, ही भाषा बाहेरच्या माणसाला येते का? त्याने फ्रीजमधल्या पेनांचा फोटो पाठवला, बाजूला त्याच दिवसाचा पेपर ठेवून. मुलाचं प्रिस्क्रिप्शन पाठवलं, नाव तेवढं बोटाने फासलेलं, बाकी डॉक्टरांचा शिक्का, डोस, सगळं अस्सल. आणि मग म्हणाला कुरिअरवाले औषधाच्या पार्सलला कागद मागतात, तुमच्याही प्रिस्क्रिप्शनचा फोटो टाका. टाकला.

पैशाचं त्याने घाईघाईत काही काढलं नाही, हे विशेष. आधी मुलीची उंची विचारली, वजन विचारलं, नवरा काय करतो विचारलं. मग हळूच, अजून दोन पालक मागतायत, पण तुमची मुलगी आहे, मुलींच्या प्लेट्स (हाडं जिथून वाढतात त्या जागा) लवकर बंद होतात, एक महिना गेला की तो परत येत नाही हो ताई. हे वाक्य आईला कसं लागतं ते त्याला बरोब्बर माहीत होतं. त्याच रात्री पैसे ऑनलाइन पाठवले, पूर्ण.

पार्सल आलं हो, हीच तर गंमत. थर्माकोलचा डबा, आत जेल पॅक, खोक्यात पेनं, खोक्यावर १० मिलिग्रॅम, एक्स्पायरी पुढच्या वर्षीची. जेल पॅक कोमट झालेले होते तेव्हाच मनात पाल चुकचुकली, पण म्हटलं कुरिअरला उशीर झाला असेल. रात्री मुलीने नेहमीसारखं पेन हातात घेतलं, डोस तीच फिरवते, टिक टिक मोजत, तिला ते आवडतं. फिरवते, मागे घेते, परत फिरवते. "आई, याच्यावर माझा नंबरच नाहीये." मी बघितलं तर ०.९ च्या पुढे सरळ १.०. मध्ये काहीच नाही. आमच्या ब्रँडच्या १० च्या पेनवर ०.०५ चे टप्पे असतात, १५ च्या पेनवर ०.१ चे. म्हणजे हातात होतं १५ चं पेन आणि वर लेबल १० चं. इंजेक्शन तिथेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या नर्सबाईंकडे नेलं. त्यांनी भिंगाखाली धरून दाखवलं, एक्स्पायरीच्या जागी वेगळं स्टिकर, नखाने कड उचलली तर खाली जुनी तारीख, कधीच उलटून गेलेली. खोक्यावरचा बॅच नंबर आणि पेनवरचा नंबर वेगळा. सुई लावतो त्या रबरावर आधीच टोचल्याची खूण. वापरून संपलेली पेनं, कुणीतरी टाकून दिलेली, त्यात काहीतरी भरून परत विकलेली. त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर खोक्यावरचा बॅच नंबर कंपनीचाच निघाला, पण तो १० च्या पेनांचा, या पेनांचा नाहीच. खोकं एकाचं, पेन दुसऱ्याचं.

आत काय होतं? माहीत नाही, पेनं तपासणीला दिलीत, रिपोर्ट अजून आलेला नाही. पाणी असेल तर नशीब म्हणायचं. २००१ मध्ये अमेरिकेत ग्रोथ हार्मोनच्या बनावट बाटल्यांमध्ये चक्क इन्सुलिन सापडलं होतं, आणि साखर चांगली असलेल्या लेकराला झोपताना इन्सुलिन टोचलं तर काय होईल याचा विचार करूनच माझी झोप उडाली.

पण खरा धक्का नंतर बसला. आमच्या डॉक्टरांना दुसऱ्याच एका आईचा फोन आला, तुमच्या एका पेशंटचे वडील पेनं विकतायत, त्यांनी प्रिस्क्रिप्शन दाखवलंय, खरं आहे का? ते प्रिस्क्रिप्शन माझ्या मुलीचं होतं! नाव फासलेलं, आणि "मुलाची ट्रीटमेंट बंद झाली" ही तीच स्टोरी. मग डोक्यात उजेड पडला, मला जे दाखवलं होतं तेही आधीच्या कुणाचं तरी असणार. म्हणजे एकाचा कागद दुसऱ्याला दाखवायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. बोन एजबिनएज ती भाषासुद्धा तो आपल्याच ग्रुपवर बसून शिकलेला. पैसे गेले त्याहून हा राग मोठा आहे, माझ्या पोरीच्या कागदावर दुसऱ्या आईला फसवायला निघाला होता. ती शहाणी, तिने शिक्का वाचला आणि सरळ डॉक्टरांनाच फोन लावला.

ही चौकशी चालू असताना आणखी दोन-तीन नग भेटले. एकाने रंगीत टोपणांच्या बिनलेबलच्या बाटल्या दाखवल्या, जिममध्ये बॉडी बनवणारे वापरतात तसल्या. म्हणे पाणी मिसळा आणि इन्सुलिनच्या सिरिंजवर १० युनिटपर्यंत ओढा. अरे बाबा, ती युनिटं इन्सुलिनची आहेत, यू-१०० सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ मिली, त्यामुळे १० युनिट म्हणजे फक्त ०.१ मिली, त्यात हार्मोन किती आलं ते तुम्ही बाटलीत पाणी किती घातलं त्यावर ठरणार. आणि ग्रोथ हार्मोनचं युनिट वेगळंच, १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. आपलं प्रिस्क्रिप्शन मिलिग्रॅममध्ये, त्याचं बोलणं युनिटमध्ये, बसा हिशोब करत. तसल्या बाटल्यांत कधीकधी एचसीजी नावाचं दुसरंच हार्मोन निघतं. आणि जिभेखाली मारायचे स्प्रे, उंचीच्या गोळ्या वगैरे तर सोडूनच द्या, हे प्रोटीन आहे, पोटात गेलं की जेवणासारखं पचून जातं, म्हणूनच टोचून घ्यावं लागतं.

आता "महिना गेला की परत येत नाही" बद्दल. हा प्रश्न मी डॉक्टरांना नंतर विचारला, खरं तर पहिला फोन त्यांनीच मला करून सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, पण असो. ते म्हणाले हे औषध महिने-वर्षांच्या हिशोबात काम करतं, काही दिवस खंड पडला म्हणून हिच्या प्लेट्स बंद होत नाहीत. मात्र ज्या तान्ह्या बाळांची साखर ग्रोथ हार्मोनशिवाय खाली जाते किंवा ज्यांना पिट्यूटरीची इतर हार्मोनही कमी आहेत त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी एक दिवसही वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. आणि खंड पडला म्हणून नंतर डबल डोस वगैरे अजिबात नाही.

आमचा मार्ग शेवटी असा निघाला की डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीच्या पेनचं नवं प्रिस्क्रिप्शन दिलं आणि मंजुरीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं की पहिला ब्रँड बाजारात उपलब्ध नाही, दुकानदाराकडून तसं लेखी घेऊन सोबत जोडलं. त्या कागदाने फाईल हलली, तोपर्यंत नुसते फोनच चालले होते. मधल्या काळासाठी क्लिनिकनेच एक पेन दिलं, कंपनीच्या पेशंट प्रोग्रॅममधून, आणि तो प्रोग्रॅम आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, विचारल्यावर कळलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची इंजेक्शनंही आता निघालीत, तेही विचारून ठेवलंय. मंजुरीची तारीख मी आता फ्रीजवर लिहून ठेवते आणि दोन महिने आधीपासून क्लिनिकच्या मागे लागते.

वापरलेली पेनं टाकताना आता लेबल खरवडून काढते, खोकं फाडते. सुयांच्या डब्यासोबत क्लिनिकला परत देता आली तर सगळ्यात बरं. प्रिस्क्रिप्शनचा फोटो दुकानदाराशिवाय कुणालाच नाही, द्यावाच लागला तर त्यावर आडवं मोठं लिहा, कुणासाठी आणि कुठल्या तारखेला.

पोलिसांत तक्रार दिली आहे, औषध नियंत्रण खात्यालाही कळवलं. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघालं. त्याचा नंबर अजून चालू आहे, फक्त डीपी बदललाय, आधी शाळेच्या युनिफॉर्ममधला मुलगा होता, आता दोन वेण्या घातलेली मुलगी आहे, म्हणजे पुढची स्टोरी मुलीची असणार. "लेकराच्या कामी येऊ देत" हे वाक्य मात्र तेच आहे, कालच दुसऱ्या एका ग्रुपमधल्या ताईंनी मला स्क्रीनशॉट पाठवला. तुम्हाला असा मेसेज आला तर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट काढा आणि मला पाठवा, आमच्या तक्रारीला जोडायचे आहेत.