अमूंगस, आठ महिन्यांनंतर: स्पोरपेक्षा त्याचं माघारी येणं मोलाचं

गेल्या आठ महिन्यांत माझ्या टीममधले बाकीचे पाचही पोकेमॉन बदलले. अमूंगस मात्र पहिल्या दिवसापासून आहे तिथेच आहे. पोकेमॉन व्हायोलेट या गेमच्या डबल बॅटलमध्ये (दोघांविरुद्ध दोघे) त्याला घेऊन शेकडो मॅच खेळून झाल्या. काही ऑनलाइन रँक्डवर, काही शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर, आणि खूपशा कोपरखैरण्याला बहिणीच्या घरी, रविवारी दुपारी भाच्यासमोर बसून. आता त्याच्याबद्दल लिहिण्याइतकी ओळख झाली आहे असं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमूंगस हा ग्रास-पॉयझन टाइपचा, मोठ्या भूछत्रासारखा पोकेमॉन. २०१० साली ब्लॅक आणि व्हाइटमध्ये आला. दोन्ही हातांवर पोकेबॉलसारख्या टोप्या, आणि त्या हलवत नाचून तो सावजाला जवळ बोलावतो. आजीने स्क्रीनवर पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाली, "अगं, ही तर कुत्र्याची छत्री!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव छत्रीच आहे.

आकड्यांवर जाल तर त्याला कुणी हात लावणार नाही. एचपी (जीवशक्ती) ११४ चांगला, पण डिफेन्स ७०, स्पेशल डिफेन्स ८०, दोन्ही अटॅक ८५ आणि स्पीड फक्त ३०. बेरीज ४६४. पण डबल्समध्ये आकड्यांच्या बेरजेला फार अर्थ नसतो. २०१४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सेजुन पार्कने जेमतेम ४०५ बेरजेच्या पचिरिसूला टीममध्ये घेऊन विजेतेपद मिळवलं होतं. पचिरिसू फॉलो मी वापरून समोरच्याचे घाव स्वतःकडे ओढायचा आणि शेजारचा जोडीदार मोकळेपणाने खेळायचा. अमूंगसची रेज पावडर तेच काम करते, आणि त्याच्या हातात स्पोरही आहे.

स्पोर म्हणजे शंभर टक्के अचूक झोप. मीही सगळ्यांसारखी स्पोरसाठीच अमूंगसकडे आले. पहिले तीन महिने माझा खेळ एकच होता: पहिल्याच टर्नला समोरच्या सगळ्यात धोकादायक पोकेमॉनवर स्पोर. शोडाउनवर एकेक मॅचच्या खेळात ते बऱ्यापैकी चालून जातं. समोरचा माणूस ओळखीचा असेल आणि तीन मॅचमधल्या दोन जिंकायच्या असतील, तर अजिबात चालत नाही. भाच्याने एका रविवारी सलग चार वेळा तेच केलं. मी इन्सिनेरोरवर स्पोर टाकला की तो इन्सिनेरोर आत घेऊन त्या जागी रिलाबूम आणायचा. रिलाबूम ग्रास टाइप, त्याच्यावर स्पोरसारखी पावडर चालतच नाही. चौथ्यांदा त्याने कन्सोल मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, तू पहिल्या टर्नला स्पोरच टाकतेस. मला विचार करावाच लागत नाही."

त्या रात्री कोपरखैरणे ते ठाणे लोकलमध्ये मी हेच डोक्यात घोळवत बसले होते. स्पोर न लागण्याची कारणं मोजायला गेलं तर यादी लांबच लांब आहे. ग्रास टाइप, सेफ्टी गॉगल्स हा आयटम, ओव्हरकोट ही अॅबिलिटी (पोकेमॉनची खास क्षमता), मैदानावर पसरणारे इलेक्ट्रिक टेरेन आणि मिस्टी टेरेन. गोल्डेंगोवर स्टेटस मूव्ह (थेट घाव न घालणारी) लागतच नाही. हॅटरीनचा मॅजिक बाउन्स स्पोर उलटवतो (अमूंगस स्वतः ग्रास असल्यामुळे त्याला झोप लागत नाही, पण टर्न फुकट जातो). शिवाय कुणीही टेरा (मॅचमध्ये एकदा पोकेमॉनचा टाइप बदलणं) वापरून ग्रास होऊन मोकळा होतो. अधिकृत स्पर्धेत तर टीमशीट दोघांना दिसते, म्हणजे अमूंगसकडे काय आहे हे लपून राहत नाही. मग हा पोकेमॉन इतकी वर्षं मोठ्या स्पर्धांत टिकला कसा?

माझ्या मते उत्तर रीजनरेटरमध्ये आहे. ही त्याची हिडन अॅबिलिटी: मैदानातून आत घेतला की एकूण एचपीचा एक तृतीयांश भरून येतो. माझ्या अमूंगसचा लेव्हल ५० ला एचपी २१९ आहे. एक तृतीयांश म्हणजे बरोबर ७३. एका मॅचमध्ये तीनदा आत घेतला तर ७३ गुणिले ३, म्हणजे पुन्हा २१९. एक अख्खा अमूंगस जास्तीचा मिळाल्यासारखं झालं. हे गणित कळल्यावर माझा खेळच बदलला. तो मैदानात उभा राहून काय करतो याच्याइतकंच तो कधी आत जातो आणि कोणाच्या जागी परत येतो याला महत्त्व आलं.

हा २१९ आकडा मुद्दाम ठेवलेला आहे. सगळे २५२ ईव्ही (सरावातून मिळणारे गुण) एचपीत ओतले तर २२१ होतो, पण त्याचा एक तृतीयांश पूर्णांकात ७३ च. म्हणून एचपीत २३६, डिफेन्सला १५६, स्पेशल डिफेन्सला ११६ असं मी वाटलं, नेचर (स्वभाव) रिलॅक्स्ड, म्हणजे डिफेन्स जास्त, स्पीड कमी. त्यातून डिफेन्स १२१ आणि स्पेशल डिफेन्स ११५ येतो. आता हे २३६, १५६, ११६ आकडे व्हिटॅमिनने नेमके येत नाहीत, कारण एक व्हिटॅमिन १० ईव्ही देतं. २३ एचपी अप आणि ६ पिसं, १५ आयर्न आणि ६ पिसं, ११ झिंक आणि ६ पिसं. एका पिसाला एक ईव्ही. ही पिसं मी ऑफिसला जाताना ठाणे ते ऐरोली गाडीत थोडी थोडी गोळा केली, त्याला इंटरनेट लागत नाही म्हणून. ऑनलाइन मॅच मात्र मी आता गाडीत लावत नाही. एकदा घणसोलीच्या अलीकडे फोनचं नेटवर्क गेलं आणि जिंकत आलेली मॅच हार म्हणून नोंदली गेली. खूप वाईट वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ स्पीडने खाल्ला. ट्रिक रूममध्ये संथ असणारा आधी खेळतो, म्हणून अमूंगसचा स्पीड जितका कमी तितका चांगला. साधारण स्पीड ५० असतो. स्पीडचा आयव्ही (जन्मजात गुण) शून्य आणि रिलॅक्स्ड नेचर मिळून तो ३१ वर येतो. नेचर मिंटने बदलता येतं, हायपर ट्रेनिंगने आयव्ही वाढवता येतो, पण कमी करता येत नाही. तो तसाच मिळायला हवा. मी फूंगस (अमूंगसचं आधीचं रूप) पकडत गेले आणि प्रत्येकाचा आयव्ही बॉक्समध्ये तपासत गेले, स्पीडसमोर "नो गुड" दिसेपर्यंत. दिसला त्या दिवशी त्याला पॉवर अँकलेट दिलं (याने स्पीडचा आयव्ही अंड्यात उतरतो), पिकनिकमध्ये अंडी घेतली, बाकीचे आयव्ही जुळवले. हिडन अॅबिलिटी देणारा अॅबिलिटी पॅच सहा ताऱ्यांच्या रेडमधून (सगळ्यांनी मिळून खेळायची लढत) आला. लेव्हल ३९ ला फूंगसचा अमूंगस झाला तेव्हा आजी शेजारीच बसली होती, तिला सगळं दाखवलं.

ट्रिक रूमसाठी जोडीदार म्हणून फारिजिराफ ठेवला, आणि या जोडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या बऱ्याच मॅच याच जोडीने जिंकून दिल्या. अमूंगसचा पहिला शत्रू फेक आउट, समोरच्याला दचकवून त्याचा टर्न घालवणारी मूव्ह. रेज पावडरची प्रायॉरिटी (आधी खेळण्याचा क्रम) +२, फेक आउटची +३. म्हणजे पावडर उडण्याआधीच इन्सिनेरोर येऊन अमूंगसला गप्प करतो. दुसरा शत्रू टाँट, विशेषतः प्रँकस्टरवाला (या अॅबिलिटीने स्टेटस मूव्हला प्रायॉरिटी मिळते), व्हिम्सिकॉटसारखा. टाँट बसला की स्पोर, रेज पावडर, प्रोटेक्ट तिन्ही बंद. फारिजिराफची आर्मर टेल ही अॅबिलिटी फेक आउट आणि प्रँकस्टरचा टाँट या दोन्हींवर इलाज आहे. तो मैदानात असेपर्यंत समोरच्याची कुठलीही प्रायॉरिटी मूव्ह आपल्या दोघांपैकी कुणालाच लागत नाही. मग अमूंगस रेज पावडर लावतो, फारिजिराफवर येणारे डार्क घाव स्वतः घेतो, आणि फारिजिराफ शांतपणे ट्रिक रूम लावतो. ट्रिक रूम लावल्याच्या टर्नसकट पाच टर्न टिकते, म्हणजे हातात चार उरतात. पुढच्या टर्नला फारिजिराफच्या जागी ब्लडमून अर्सालुना. त्याचा कमीत कमी स्पीड ५१, अमूंगसचा ३१. म्हणून अमूंगस आधी स्पोर टाकतो किंवा पॉलन पफने अर्सालुनाचा निम्मा एचपी भरतो, आणि मग अर्सालुना मारतो. हा क्रम उलटा असता तर जोडीला काही अर्थ नव्हता.

झोपेचं गणितही इथेच लक्षात ठेवायचं. झोपलेला पोकेमॉन एक, दोन किंवा तीन टर्न गमावतो. ट्रिक रूममध्ये आपण आधी झोपवलं की तोच टर्न त्याचा पहिला जातो, आणि पुढच्याच टर्नला तो उठण्याची शक्यता तीनात एक असते. ट्रिक रूम नसताना स्पोर शेवटी पडतो, समोरचा या टर्नला खेळून मोकळा झालेला असतो, आणि पुढचा टर्न मात्र नक्की जातो. "झोपवलं ना, मग उठणार नाही" असं धरून मी कितीतरी मॅच घालवल्या. आता झोपलेल्याला दुसऱ्या टर्नपासून जागाच समजते.

दुसरा जोडीदार इन्सिनेरोर. अमूंगसला फायर, आइस, सायकिक आणि फ्लाइंग हे चार टाइप दुप्पट लागतात. इन्सिनेरोर त्यातले पहिले दोन अर्धे करून घेतो आणि तिसरा त्याला लागतच नाही. उलट इन्सिनेरोरला वॉटर आणि फायटिंगची भीती, ते अमूंगस सहज झेलतो. या दोघांची अदलाबदल हाच माझ्या टीमचा कणा आहे. फायर मूव्ह येणार असं वाटलं की अमूंगस आत, ७३ एचपी परत, आणि बाहेर आलेला इन्सिनेरोर इंटिमिडेटने समोरच्या दोघांचा अटॅक कमी करतो. चुकून अंदाज हुकला तरी फार बिघडत नाही. ज्या मॅच भाच्याविरुद्ध मी जिंकल्या, त्यातल्या कित्येक मॅचमध्ये स्पोर एकदाही टाकलेला नव्हता. तो स्पोर टाळण्यासाठी रिलाबूम आत-बाहेर करत राहिला आणि तेवढ्यात अर्सालुनाने काम केलं.

आयटमबद्दल खूप घोळ घातला. मेंटल हर्ब (टाँट उतरवणारा), सिट्रस बेरी, कोव्हर्ट क्लोक (याने फेक आउट लागूनही दचकून टर्न जात नाही) सगळं वापरून पाहिलं. फारिजिराफ असेल तर मेंटल हर्ब आणि क्लोकची गरज फारशी उरत नाही. मग रॉकी हेल्मेट. रेज पावडर लावून उभ्या असलेल्या अमूंगसवर फ्लेअर ब्लिट्झ मारणारा इन्सिनेरोर स्वतःच्या एकूण एचपीचा सहावा हिस्सा हेल्मेटला देतो, वर रिकॉइल (स्वतःच्याच मूव्हचा उलटा फटका) वेगळा. फारिजिराफ नसलेल्या टीममध्ये मात्र मी मेंटल हर्बच देईन.

मूव्ह चार: स्पोर, रेज पावडर, पॉलन पफ, प्रोटेक्ट. पॉलन पफ जोडीदाराला बरं करतो तरी मुळात तो अटॅक असल्यामुळे टाँटखालीही चालतो, हे फार उपयोगाचं आहे. कधी प्रोटेक्ट काढून क्लिअर स्मॉग घेते. डोंडोझोच्या तोंडात ताटसुगिरी जाऊन त्याचे आकडे फुगले की क्लिअर स्मॉगच्या एका फटक्यात सगळं जागेवर येतं, फक्त त्याने टेरा स्टील केलेलं नसावं. अॅनिहिलेपवर हे वापरताना जपून. बल्क अपने वाढवलेले आकडे पुसले जातात, पण रेज फिस्टची ताकद पुसली जात नाही, उलट आपल्या फटक्याने आणखी ५० ने वाढते.

टेराबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. टेरा वॉटर मला आवडतो, कारण फायर आणि आइस एकदम अर्धे होतात. एका रविवारी भाच्यानेही अमूंगस आणला होता. दोघेही ग्रास, कुणी कुणाला झोपवू शकत नव्हतं. त्याचा इन्सिनेरोर फ्लेअर ब्लिट्झ मारणार हे मी ओळखलं, टेरा वॉटर केलं, घाव आरामात झेलला. पुढच्या टर्नला त्याच्या अमूंगसने माझ्या अमूंगसवर स्पोर टाकला. टेरा केल्यावर माझा अमूंगस ग्रास राहिलाच नव्हता! तो झोपला, रेज पावडर गेली, अर्सालुना उघड्यावर पडला आणि मॅच तिथेच संपली. तेव्हापासून समोर अमूंगस दिसला की टेराच्या बटणाकडे जाण्याआधी मी थांबते.

जे जमत नाही तेही सांगते. हीट वेव्ह, रॉक स्लाइड, हायपर व्हॉइस अशा दोघांना लागणाऱ्या मूव्ह रेज पावडर ओढून घेऊ शकत नाही. सेफ्टी गॉगल्स घातलेला इन्सिनेरोर स्पोरलाही जुमानत नाही आणि पावडरलाही. गॅलरचा वीझिंग न्यूट्रलायझिंग गॅस घेऊन आला तर रीजनरेटर आणि आर्मर टेल दोन्ही बंद पडतात, अशा टीमसमोर मी अमूंगस सहातून निवडायच्या चारात घेतच नाही. इंडीडी आणि आर्मरूजची सायकिक टेरेन टीम असेल तरीही नाही, एक्स्पँडिंग फोर्स दोघांनाही लागतो आणि अमूंगसला दुपटीने. आणि वेगाने धडाधड मारणारी टीम आवडणाऱ्याने हा पोकेमॉन घेऊ नये, त्याला कंटाळा येईल आणि अमूंगसही वाया जाईल.

हे सगळं रेग्युलेशन एचच्या नियमांत, म्हणजे लेजेंडरी आणि पॅरडॉक्स पोकेमॉन वगळून खेळल्याचा अनुभव आहे. तो नियमसंच सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि आम्ही घरी अजून त्याच नियमाने खेळतो. मिरायडन हा लेजेंडरी पोकेमॉन असलेल्या नियमांत इलेक्ट्रिक टेरेनमुळे जमिनीवरच्या कुणालाच झोप लागत नाही, तिथे अमूंगसला रेज पावडर आणि रीजनरेटरवरच निभवावं लागतं.

स्पीडसाठी काढलेल्या अंड्यांतले अकरा फूंगस माझ्या बॉक्समध्ये अजून पडून आहेत, सगळ्यांचा स्पीड "नो गुड", बाकी आयव्ही चांगले. ठाणे-वाशी पट्ट्यात कुणी नव्याने अमूंगस सुरू करत असेल तर खाली लिहा, एकेक ट्रेड करून देईन. पिसं मात्र तुमची तुम्हालाच गोळा करावी लागतील.