परदेशी नेताना: ॲडॅप्टर, कन्व्हर्टर की ड्युअल व्होल्टेज उपकरण?

ॲडॅप्टर घेतला म्हणजे विजेची काळजी मिटली, या समजुतीने बरीच उपकरणं जळतात. ॲडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. भिंतीतून जितके व्होल्ट येतात तितकेच पुढे जातात. जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०, युरोपात २३०.

म्हणून दुकानात जाण्याआधी चार्जर उलटा करून बघा. बारीक अक्षरांत 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ' असं असेल, तर ॲडॅप्टर पुरे. मोबाइल, लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचे चार्जर बहुतेक याच जातीचे असतात. नुसतं '१२० व्होल्ट' किंवा '२३० व्होल्ट' असेल, तर मात्र थांबा.

खरी अडचण आहे ती तापणाऱ्या वस्तूंची. व्होल्ट दुप्पट झाले की उष्णता चौपट होते. मी एकदा १२० व्होल्टचा हेअर स्ट्रेटनर नुसत्या ॲडॅप्टरने २३० च्या सॉकेटला लावला. मिनिटभरात जळका वास सुटला आणि प्लेटच्या कडेचं प्लास्टिक मऊ पडलं. उलट बाजूने धोका कमी, पण उपयोगही नाही: २३० व्होल्टची १५०० वॅटची केटल जपानमध्ये जेमतेम २८० वॅटवर चालते, पाणी उकळायची वाट बघत बसावं लागतं.

मग व्होल्ट बदलून देणारा कन्व्हर्टर? माझं मत, शक्यतो नकोच. हलके, स्वस्त कन्व्हर्टर फक्त तापणाऱ्या साध्या वस्तूंसाठी असतात. इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेलं काही त्यांना जोडू नये. ट्रान्सफॉर्मर त्यापेक्षा भरवशाचा, पण ड्रायरला पुरेल असा घ्यायचा तर वजन काही किलोंवर जातं. शिवाय व्होल्ट बदलले तरी हर्ट्‌झ, म्हणजे विजेची वारंवारता, तीच राहते, त्यामुळे काही मोटरी आणि घड्याळं वेगळ्या गतीने चालतात. दुसरं काहीच चालणार नाही असं एखादं महागडं यंत्र असेल, तरच हा खटाटोप करा.

ॲडॅप्टर निवडताना, एकाच देशी जायचं असेल तर मी त्या देशाचा साधा ॲडॅप्टर घेईन. अनेक देशांत चालणारा युनिव्हर्सल ॲडॅप्टर सोयीचा, पण जड असल्याने सॉकेटमधून लोंबतो आणि पुष्कळांना अर्थिंग नसतं. तीन पिनांची इस्त्री त्यावर लावू नका. त्यावरचे अँपिअरही वाचा: ६ अँपिअरचा ॲडॅप्टर २३० व्होल्टवर १३८० वॅट झेपवतो, १०० व्होल्टवर फक्त ६००.

ड्रायर हवाच असेल तर मुक्कामी मिळतो का ते विचारा, नाहीतर ड्युअल व्होल्टेजचा, म्हणजे कमी-जास्त दोन्ही व्होल्टवर चालणारा घ्या. काहींच्या मुठीवर एक खाच असते. ती नाण्याने फिरवून १२५ वरून २५० वर आणावी लागते. हे प्लग लावण्याआधी करायचं, आणि कमी व्होल्टच्या देशात परतल्यावर खाच पुन्हा १२५ वर.