पोटरी लवते म्हणून ईएमजी (स्नायूंची सुईने तपासणी) करायला गेलो (५ पैकी ४ स्टार)

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर म्हणाल एवढ्याशा लवण्यासाठी पुण्याला कशाला गेला. माझा मामा एएलएसने गेला, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाण्याचा आजार. सुरुवात शर्टाच्या बटणापासून झाली, बटण लागेना, मग अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस आत गेलं, मग बोलणं जड झालं, शेवटी गिळता येईना. आणि आईच्या वडिलांचे, म्हणजे आजोबांचेही म्हणे शेवटी "पाय गेले होते", कशाने ते गावात तेव्हा कोण बघतंय.

तर गणपतीनंतर माझी डावी पोटरी लवायला लागली, आणि एएलएसमध्येही स्नायू असे लवतात. डोळा लवला तर आई शुभ-अशुभ सांगते, पोटरीचं तिच्याकडेही काही नव्हतं. मग दंड, मग पापणी, मग तळपाय. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून पोटरी बघत बसायचो, कातडीखाली अळी वळवळल्यासारखं दिसायचं, व्हिडिओ काढून ठेवले, आणि ऑफिसात लिफ्टसमोर कोणी नाही बघून टाचांवर चालून बघायचो की पाऊल उचलतंय ना.

साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आलो, अपॉइंटमेंट ११ ची, नंबर लागला दीड वाजता, पाणी विकत, बसायला जागा नाही. एक स्टार तिथेच कापला.

पण डॉक्टर मॅडम भारी. मी लगेच व्हिडिओ उघडले तर म्हणाल्या, "लवतंय ते कळलं, आता काय करता येत नाही ते सांगा." मी विचार करतोय, बरणीचं झाकण उघडतं, किल्ली फिरते, जिना चढतो... काहीच सांगता येईना! मग चवड्यांवर चालवलं, टाचांवर चालवलं, जीभ बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली आणि मग ईएमजी-एनसीव्ही (एनसीव्ही म्हणजे नसांची तपासणी).

ज्यांची व्हायची आहे त्यांच्यासाठी: जाताना अंगाला तेल, क्रीम काही लावू नका, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. एनसीव्हीमध्ये बारीक शॉक देतात, हात आपोआप उडतो, हसायला येतं. ईएमजीची सुई मात्र स्नायूत जाते, त्यातून करंट देत नाहीत, ती नुसती ऐकते. सैल सोडलं की मशीन गप्प, जोर लावला की स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी खरखर. पोटरीपेक्षा अंगठ्याजवळची सुई जास्त दुखली. पाऊण तास, साडेचार हजार, वर दोन दिवस निळा डाग.

रिपोर्ट नॉर्मल. बिनाइन फॅसिक्युलेशन म्हणाल्या, म्हणजे ताकद शाबूत, मांस झिजलेलं नाही, नुसतंच लवतंय. झोप कमी, टेन्शन आणि चहा (दिवसाला सात कप, खरं सांगितलं) याने वाढतं, आणि सारखं ताणून तपासत बसलं तर थकलेली पोटरी अजूनच लवते.

पैसे खरे वसूल झाले ते जेनेटिक काउन्सेलर बाईंकडे. त्यांनी कागदावर घराणं काढलं, पुरुष चौकोन, बाई गोल, मामाच्या चौकोनावर काट. एएलएस साधारण १० टक्के रुग्णांतच घराण्यात चालत येतो म्हणाल्या, पण आजोबांच्या पायांचं ऐकून त्यांनीही जरा पेन थांबवलं. घराण्यातला असलाच तर बहुतेक वेळा आईकडे यायचे चान्स निम्मे, माझ्याकडे त्याच्या निम्मे. मी म्हटलं मग करून टाकू की रक्ताची टेस्ट. तर म्हणाल्या, मामांची कधी झालीच नाही, त्यामुळे कुठला जीन शोधायचा ते नक्की नाही, तुमची निगेटिव्ह आली तरी पूर्ण सुटलात असं मला लिहून देता येणार नाही. एसओडी१ नावाच्या जीनमध्ये दोष निघाला तर त्याच्यावर टोफरसेन हे औषध आहे, अमेरिकेत २०२३ ला मंजुरी मिळाली, म्हणजे टेस्ट अगदीच बिनकामाची असंही नाही. आणि मामाकडचाच जीन माझ्यात सापडला तर तो आईकडूनच आलेला असणार, म्हणजे माझा रिपोर्ट हा तिचाही रिपोर्ट, तिला विचारलंय का?

हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. पॅनेलचा (बरेच जीन एकदम तपासायच्या टेस्टचा) फॉर्म बॅगेत घालून आणला, घाई नाही म्हणाल्या. घरी आलो तर आई दारातच, "काय म्हणाले रे?" म्हटलं, चहा कमी करायला सांगितलाय. तर तिने अर्धाच कप दिला. पोटरी आत्ता हे टाइप करतानापण लवतेय.