मैत्रीपूर्ण सामन्याचे तिकीट काढावे का?

राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या मैत्रीपूर्ण सामन्याचे तिकीट काढावे का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘जरूर काढावे’ असेच आहे. मात्र पैसे कशासाठी मोजतो आहोत, हे आधी ओळखून असावे. पात्रता फेरीतला थरार येथे मिळणार नाही. येथे संघ घडताना पाहायला मिळतो.

राष्ट्रीय प्रशिक्षकाच्या हाती खेळाडू वर्षातून मोजकेच दिवस लागतात. एरवी ते आपापल्या क्लबच्या पद्धतीने खेळत असल्यामुळे बचावफळीत तिघे ठेवायचे की चौघे, किंवा नवा आघाडीवीर जुन्या सहकाऱ्यांशी जुळवून घेईल का, याचा निवाडा सरावात होत नाही. त्यासाठी समोर जिंकायला आलेला परका संघ लागतो. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असे हरवले, तो सामना मैत्रीपूर्णच होता. हंगेरीचा हिदेगकुटी नावापुरता मध्य आघाडीवीर होता. तो मागे सरकून मधल्या फळीत चेंडू घेई आणि त्याच्यामागे जावे की जागा राखावी, हे इंग्लंडच्या बचावपटूंना अखेरपर्यंत उमगले नाही. त्याने तीन गोल केले. कोणतीही स्पर्धा पणाला नसताना इंग्लंडच्या खेळातली उणीव इतकी उघडी पडली. पुढच्याच मे महिन्यात बुडापेस्टला ७-१ असा पराभव झाला, म्हणजे दुखणे कळले तरी त्यावर लगेच उपाय सापडला नव्हता.

पदार्पणासाठीही याहून योग्य जागा नाही. मेस्सी १७ ऑगस्ट २००५ रोजी हंगेरीविरुद्ध अर्जेंटिनाकडून प्रथमच मैदानात उतरला आणि दोन मिनिटे होण्याआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर पडला. हेच विश्वचषकात घडले असते, तर त्या चुकीचे मोल साऱ्या संघाने चुकवले असते.

तक्रारीची जागा आहे ती उत्तरार्धात. चौथ्या पंचाच्या फलकावर एकामागून एक क्रमांक उमटतात, कर्णधाराचा आर्मबँड या दंडावरून त्या दंडावर जातो आणि तासभर जमून आलेली लय दहा मिनिटांत विस्कटते. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडने मध्यंतरात अकराच्या अकरा खेळाडू बदलले होते; पुढच्या वर्षी अशा सामन्यांत बदलांवर सहाची मर्यादा आली, ती योग्यच होती. तरीही मी पाहिलेल्या एका सामन्यात, ज्या खेळाडूचे छायाचित्र जाहिरातीत झळकत होते तो खेळलाच नाही, आणि तिकिटाचा दर मात्र पात्रता सामन्याइतकाच होता. ही प्रेक्षकांची फसवणूक आहे, असे मला ठामपणे वाटते.

क्रमवारीच्या हिशेबानेही या सामन्यांचे बरेच नुकसान केले. फिफाच्या जुन्या पद्धतीत गुणांची सरासरी काढली जाई आणि मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन सर्वांत कमी असल्यामुळे तो जिंकूनही सरासरी घसरू शके. त्यामुळे असे सामने टाळणारा पोलंड २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीत अव्वल मानांकित संघांमध्ये जाऊन बसला. त्याच वर्षी पद्धत बदलली आणि सरासरी गेली; आता ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीतल्या मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन १०, तर पात्रता सामन्याचे २५ धरतात. मात्र २०१८ च्याच सप्टेंबरात सुरू झालेल्या नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेमुळे युरोपातल्या संघांच्या बऱ्याच तारखा आपसांतच खर्ची पडू लागल्या. इतर खंडांच्या संघांना त्यांच्याशी खेळून स्वतःला जोखण्याची संधी त्यामुळे कमी झाली, याची मला मनापासून खंत वाटते.

तिकीट काढायचेच तर नवा प्रशिक्षक आल्यानंतरचा सामना निवडावा; मोठ्या स्पर्धेच्या अगदी तोंडावर दुखापतीच्या भीतीने खेळाडू पाय आखडता घेतात. जागा शक्यतो गोलमागच्या वरच्या मजल्यावरची घ्यावी, कारण फळ्यांमधले अंतर तेथून नीट दिसते. पहिल्या तासाला मी पाचपैकी चार गुण देईन, शेवटच्या अर्ध्या तासाला दोन.