बोअरच्या जड पाण्यात दाढीचा ब्रश कोणता घ्यावा?

दाढीच्या ब्रशाविषयी जे सल्ले सर्रास वाचायला मिळतात, त्यांत पाण्याचा विचार फारसा केलेला नसतो. मराठवाड्यात मात्र तो सर्वांत आधी करावा लागतो. लातूर, बीड, धाराशिवकडच्या असंख्य घरांत न्हाणीघराच्या नळाला बोअरचे पाणी येते आणि काळ्या खडकातून वर आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सवलत दिलेली आहे. बोअर जसजसे खोल जाते, तसतसे हे दोन्ही आकडे किती सहज ओलांडले जातात, हे बादलीच्या काठावर साचणाऱ्या पांढऱ्या थराकडे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हे क्षार साबणातील स्निग्ध आम्लांशी संयोग पावतात, त्यातून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, आणि फेस होण्याआधीच साबणाचा बराच भाग त्यात खर्ची पडतो. उरलेला फेस पातळ, मोठ्या बुडबुड्यांचा असतो आणि एका गालावरून ब्लेड फिरेपर्यंत दुसऱ्या गालावरचा वाळून जातो.

याच पाण्यावर मी बाजारात मिळणारे चारही प्रकारचे ब्रश वापरून पाहिले. ज्याला एकच ब्रश घ्यायचा आहे, ट्यूबमधले क्रीम आणि साबणाची गोल वडी दोन्ही त्यानेच चालवायची आहेत, आणि फेस कधी वाटीत तर कधी थेट गालावर करायचा आहे, त्याने सुमारे २४ मिलिमीटर जाडीच्या झुपक्याचा, मऊ टोकांचा सिंथेटिक ब्रश घ्यावा, असे माझे मत झाले आहे. त्याची कारणे पुढे देतो.

आधी डुकराच्या केसांचा ब्रश. दुकानात तो बहुधा ‘ब्रिसल’ या नावाने विकला जातो. इटलीतील बोलोन्या येथे १९३१ साली सुरू झालेली ओमेगा ही कंपनी या प्रकारासाठी जगभर ओळखली जाते आणि तिचे उंच केसांचे ब्रश युरोपातील सलूनमध्ये वर्षानुवर्षे वापरले जात आहेत. हे केस राठ आणि ताठ असतात, त्यामुळे कडक वडीवरून साबण उचलण्याच्या कामात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. पण हे केस पाणी पितात. वापरण्याआधी ब्रश काही मिनिटे भिजत ठेवावा लागतो, नवा असताना तो गालाला चांगलाच टोचतो, आणि केसांची टोके फाटून मऊ व्हायला काही आठवडे नियमित वापर लागतो. शिवाय जे पाणी केसांत मुरते, ते वाळताना आपले क्षार तेथेच सोडून जाते. म्हणून बोअरच्या पाण्यावर हा ब्रश मऊ होण्याच्या ऐवजी पुन्हा पुन्हा कडक होत राहतो. नगरपालिकेचे धरणाचे पाणी ज्यांच्याकडे नियमित येते, त्यांना ही अडचण फारशी जाणवणार नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा आपणहून सांगत नाहीत, ती म्हणजे हे केस डुकराचे असतात. आपल्या भागातील मुस्लिम कुटुंबांत, तसेच अनेक माळकरी आणि जैन घरांत, अशी वस्तू चालणार नाही. तेव्हा स्वतःसाठी नसला तरी कोणाला भेट म्हणून ब्रश घेताना हे विचारून घेणे बरे.

बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ब्रश हा या छंदातील मानाचा समजला जातो. हे केस बहुतांशी चीनमधून येतात आणि ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सिल्व्हरटिप’ अशा चढत्या प्रतींत विकले जातात. मात्र या प्रतींचे सर्व उत्पादकांना बांधील असे एक मोजमाप नाही, त्यामुळे एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘प्युअर’इतकाच निघू शकतो. चांगल्या बॅजरचा स्पर्श खरोखर मखमली असतो, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा जो मोठा गुण सांगितला जातो, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवण्याचा, तोच आपल्याकडे अडचणीचा ठरतो. जड पाण्यात साबण जास्त आणि पाणी कमी घालावे लागते. पाण्याने भरलेला झुपका मात्र नको असताना ते वाटीत सोडत राहतो. चांगल्या प्रतीसाठी काही हजार रुपये मोजून ही कसरत करण्यात मला शहाणपण दिसत नाही. घोड्याच्या केसांचे ब्रश या दोहोंच्या मधले; ते आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही. (पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाची लागण झाल्याची नोंद आहे, आजच्या प्रक्रिया केलेल्या केसांना ती भीती नाही.)

सिंथेटिक म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर कटलरीच्या दुकानात दोरीला लटकवलेला, पांढऱ्या नायलॉनचा, शंभर रुपयांच्या आतला ब्रश येतो. तो ब्रश वाईटच असतो. त्याचे तंतू जाड आणि बोथट कापलेले असतात, झुपका विरळ असतो, आणि जोर दिला की मधोमध भांग पडून बुडाचा डिंक गालाला लागतो. गेल्या काही वर्षांत आलेले सिंथेटिक ब्रश ही वेगळी वस्तू आहे. त्यांचे तंतू बहुधा पीबीटी या प्लास्टिकचे असतात, जे दात घासण्याच्या ब्रशातही वापरले जाते. ते बारीक असतात आणि टोकाकडे निमुळते केलेले असतात, म्हणून गालावर टोचत नाहीत. जर्मनीची म्यूले आणि मूळची इंग्लंडची सिम्पसन या बॅजरसाठी नावाजलेल्या जुन्या कंपन्याही आता सिंथेटिक ब्रश विकतात, यावरून त्यांची पत लक्षात यावी.

आपल्या दृष्टीने त्यांचा खरा गुण असा की हा तंतू पाणी पीत नाही. ब्रश भिजवत ठेवावा लागत नाही. पाण्यात बुडवून, एकदा झटकून, लगेच कामाला घेता येतो. तंतूंमध्ये जे काही धरले जाते ते नुसते मधल्या फटींत, त्यामुळे बोटाच्या पेराएवढे क्रीम घेतले तरी ते आत मुरून न बसता जवळजवळ सगळे गालावर येते आणि पाण्याचे प्रमाण थेंबाथेंबाने वाढवता येते. धुतल्यावर क्षार चिकटतात ते तंतूच्या वरच, आणि तेथून ते काढता येतात. पावसाळ्यात बंद न्हाणीघरात ब्रशाला जो कुबट वास धरतो, तोही या ब्रशाला कमी येतो, कारण तो लवकर सुकतो.

दोषही सांगितले पाहिजेत. पाणी आत धरले जात नसल्यामुळे जरा जास्त झाले की ते सरळ मुठीवरून मनगटापर्यंत ओघळते. काही ब्रशांचे तंतू इतके उसळते असतात की गालावर फिरवताना फेसाचे शिंतोडे आरशावर उडतात. अशा वेळी गोल फिरवण्याऐवजी भिंतीला रंग द्यावा तसा ब्रश वर-खाली चालवावा. आणि डुकराच्या केसांचा ब्रश जसा वापराने सुधारतो, तसा हा सुधारत नाही. पहिल्या दिवशी जसा असेल तसाच पुढे राहील. म्हणून घेतानाच पारख करणे महत्त्वाचे.

मापाविषयी थोडे. झुपक्याची जाडी बुडाशी, म्हणजे मुठीत शिरते तेथे मोजतात. २० ते २२ मिलिमीटरचा ब्रश मिशीच्या कडेने आणि नाकाखाली नेमका चालतो, पण वडीवर घासताना कमकुवत वाटतो. २८ च्या ब्रशात निम्मे क्रीम अडकून राहते आणि फेस नाकाकानांपर्यंत पोचतो. २४ मध्ये दोन्ही कामे होतात. केसांची उंची ५० मिलिमीटरच्या आसपास असावी. ती फार वाढली तर ब्रश लुळा पडतो, फार कमी झाली तर ताठ राहतो. टोकाशी घुमटासारखा गोल असलेला झुपका पंख्यासारख्या पसरट झुपक्यापेक्षा सगळ्या कामांना सोयीचा. मूठ रेझिनची, म्हणजे टणक प्लास्टिकसारख्या पदार्थाची, घ्यावी. लाकडी मूठ दिसायला देखणी असते, पण रोजच्या ओलाव्याने तिचा लेप सुटू लागला की लाकडाला चिरा जातात.

लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर ब्रश घ्यायला गेल्यास ‘घ्या की साहेब, असली बॅजर आहे’ हे वाक्य ऐकू येण्याची तयारी ठेवावी. डुकराच्या केसांवर काळा पट्टा रंगवून ते बॅजरसारखे दाखवण्याची पद्धत जुनी आहे, आणि रंगीत प्लास्टिकही तसेच दिसते. नव्या ब्रशातून एखादा केस गळतोच. तो काडीपेटीच्या ज्योतीजवळ धरावा. प्राण्याचा केस जळताना केस जळाल्याचाच वास येतो आणि मागे चुरडली जाणारी राख उरते. प्लास्टिक वितळून त्याचा कडक मणी होतो. ज्योतीजवळ नेण्याइतका दुकानदाराशी परिचय नसेल, तर कोरडा ब्रश तळहातावर दाबून पाहावा: झुपका सगळीकडून सारखा पसरला आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत झाला, तर ठीक, मध्ये पोकळी दिसली तर परत ठेवावा. चांगला सिंथेटिक ब्रश पाचशे ते हजार रुपयांत मिळतो आणि त्यापुढचे पैसे बहुतांशी मुठीचे असतात. ब्रश उलटा टांगण्याच्या स्टँडवर पैसे घालवू नयेत. पाणी झटकून, वारा लागेल अशा जागी उभा ठेवला तरी तो सुकतो.

ब्रश कितीही चांगला असला तरी पाणी बदलले नाही तर त्याच्याकडून अर्धेच काम होईल. आता बहुतेक घरांत फिल्टरच्या पाण्याचा जार येतो. फेस करण्यापुरते त्यातील अर्धा कप पाणी वाटीत घ्यावे आणि तोंड धुण्यासाठी नळाचे वापरावे. एवढ्याने साबण जवळजवळ निम्मा लागतो आणि फेस टिकतो. महिन्यातून एकदा कपभर कोमट पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ब्रशाची टोके त्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावीत, म्हणजे तंतूंवरचा पांढरा थर निघून जातो. पाणी उकळते घेऊ नये आणि ब्रश मुठीपर्यंत बुडवू नये, कारण झुपका मुठीत डिंकाने बसवलेला असतो आणि तो एकदा सैल झाला की केस भराभर गळू लागतात.